दिवाणाची झूल

थंडी पडली की आमच्या घरात दोघींना स्वेटर चढतो. एक मला आणि एक चेरीला. माझा तपकिरी, तिचा गुलाबी. सायली, म्हणजे माझी नातसून, दोघींना एकाच दमात दटावते, की उन्हात बसा, फरशीवर पाय टेकवू नका. चेरी ही तिची कुत्री. मांजराएवढी. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, ही अजून वाढायची आहे का. ते सायलीला लागलं होतं.

आता हरभऱ्याचे घाटे भरलेत, तेव्हा बुलढाण्यातलं हे बिऱ्हाड चार दिवस गावाकडं न्यायचं ठरतंय. आमचं गाव दुसरबीडच्या पलीकडं, माळाला लागून. परवा गावातल्या कुणीतरी फोनवर चित्रफीत पाठवली. आमच्याच माळावरून एक लांडगा जातोय, सावकाश, बाजाराला निघाल्यासारखा. सायलीनं ती पाहिली आणि चेरीला छातीशी धरलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी तर लांडगे खूप असतील ना? मग कुत्री कशी सांभाळायचात तुम्ही?"

मी जाणतीचा चेहरा केला. वय झालं की हा चेहरा फुकट मिळतो, आत काही असो वा नसो. "सांगते," म्हटलं, आणि उन्हाकडं पाठ करून बसले. तेव्हापासून विचार करतेय. मला खरंच ठाऊक नाही. एक अख्खा हिवाळा मी एका कुत्र्याला लांडग्यापासून वाचवत होते, आणि तो संपला तेव्हा नेमकं कुणाला कुणापासून वाचवलं, ते आजवर मला उलगडलेलं नाही.

*

तेव्हा महाराष्ट्र नवा होता आणि मीही त्या घरात नवीच. दोघांचंही पुढं काय होणार, यावर ओट्यावर चर्चा चालायची. मी देऊळगाव राजाची, बालाजीच्या देवळामागच्या गल्लीतली, कापडाच्या दुकानदाराची मुलगी. सातवी पास. ती पोरगी आता समोर आली तर तिचा गालगुच्चा घेऊन विचारीन, की बाई, तुला कुणी सांगितलं होतं की सातवीत जग संपतं? शेण हाताला लागलं की ती दोन वेळा साबण मागायची. गाय कोणती आणि गोऱ्हा कोणता, हे तिला जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. पण बोलायचा थाट असा, की जिल्ह्याचा कारभार हिच्या विचारानं चालावा.

दिवाण माझ्याबरोबरच सासरी आला. लग्नाची गाडी वैशाखात त्या कच्च्या रस्त्यानं चालली होती, आणि गाडीच्या सावलीला धरून एक पिल्लू चालत होतं. कुठून आलं कुणास ठाऊक. हाकललं तर मागं राहायचं आणि पुन्हा सावलीत यायचं. दारात मला ओवाळलं तेव्हा ते माझ्या पायापाशी बसलेलं. सगळा गाव हसला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणींना पुढं कित्येक दिवस सांगत होत्या, की दुकानदारानं पोरीले आंदण कुत्रं देल्लं.

नाव ठेवलं मामंजींनी. ओट्यावर ते असं बसायचं की जणू सगळे व्यवहार त्याच्या सहीनं होतात. मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत, सासऱ्यानं नव्या सुनेशी बोलायची रीतच नव्हती तेव्हा. आधी ते आत्याबाईंकरवी बोलायचे. मग त्यांना दिवाण सापडला. जेवताना त्याच्याकडं पाहून म्हणायचे, "दिवाण, आज वरणात मीठ नाही, हे कोणाले सांगू बे?" मी आतून मीठ घेऊन यायचे. मलाही ते सोयीचं पडलं. मी दिवाणाला सांगायचे, की मीठ डब्यातलं संपलंय, दुकानातून आणायला सांग. असा आमचा संसार एका कुत्र्याच्या तोंडून चालला होता. त्याला काही झालं असतं तर त्या घरात माझं बोलणंच बंद पडलं असतं. हे मी गमतीनं लिहितेय, पण तेव्हा ते अगदी खरं होतं.

*

ज्वारी निघाली, खळी लागली, वावरं रिकामी झाली, तसे धनगर आले. आमच्याकडं तेव्हा रिकाम्या वावरात मेंढ्या बसवायचे. त्यांच्या लेंड्यांनी जमीन कसदार व्हायची आणि धनगरांना त्याबद्दल धान्य मिळायचं. त्या थंडीचा वास माझ्या नाकात अजून आहे. कडब्याचा गोडूस, मेंढ्यांचा उग्र आणि सकाळच्या धुराचा. मेंढ्यांच्या मागं लांडगे येतात, हे मला तेव्हा कळलं. आणि मेंढी नाही मिळाली तर ते कुत्रं नेतात, हे कळल्यावर माझी झोप उडाली.

मी आमच्या ह्यांना विचारलं, लांडगा असतो कसा. माझ्या डोक्यात आयाळ असलेलं काहीतरी होतं, दात बाहेर, डोळे लाल.

"कुत्र्यासारखा," हे म्हणाले.

"मग त्याले लांडगा काऊन म्हणता?" लग्नानंतर तोवर मी तिथली बोली चांगली उचलली होती, तोऱ्यात वापरायचे.

ह्यांनी जरा विचार केला. म्हणाले, त्याची शेपटी वळत नाही, खाली लोंबते. तो सहसा भुंकत नाही. आणि तो आपल्याकडं पाहत नाही, आपल्या पलीकडं पाहतो. मी दिवाणाकडं पाहिलं. त्याची शेपटी खाली लोंबत होती. रंग वाळल्या गवतासारखा. भुंकताना मी त्याला फार थोड्या वेळा ऐकलं होतं. आणि तो त्या वेळी माझ्या पलीकडं, माळाकडं पाहत होता.

आता याला सांभाळायचं कसं, हे विचारायला मी निघाले आणि तिथंच फसले. एकाला विचारलं असतं तर बरं होतं. मी सगळ्यांना विचारलं. मामंजींनी दिवाणालाच सांगितलं, की तुले बांधू देऊ नको, बांधलेल्या कुत्र्याले पळता येत नाही. आत्याबाई म्हणाल्या, मोकळं सोडलं तर माळावर जाईल, गोठ्यात गाईपाशी बांध, गाय शिंग मारते. शेजारची काकू म्हणाली, गळ्यात घुंगरू बांध, आवाजानं लांडगा बिचकतो. तिचा नवरा म्हणाला, घुंगरू वाजलं की लांडग्याले कळते, जेवण कुठं हाय ते. आमच्या वावरात उतरलेल्या धनगरांतली हिराबाई जुन्या चामड्याचा पट्टा घेऊन आली. त्याला बाहेरून खिळे ठोकलेले. लांडगा मानगूट धरतो, त्याच्या तोंडात खिळे गेले पाहिजेत, असं तिचं म्हणणं.

ती सातवी पास बाई काय करणार? तिनं सगळंच केलं. सकाळी मोकळं सोडायचं, दुपारी बांधायचं, घुंगरू घालायचं, काढायचं. पट्ट्याची तर वेगळीच कथा. दिवाणाला माझ्या मांडीवर डोकं ठेवायची सवय. खिळ्यांसकट त्यानं डोकं ठेवलं आणि मी अशी उठले की परातीतलं पीठ उडालं. मग त्याच पट्ट्यात आत्याबाईंचं लुगडं अडकलं. त्यांनी पट्टा काढून आढ्याला टांगला आणि म्हणाल्या, "लांडगा येईल तवा येईल. तवरोक या घरात माणसं जगू दे."

हिराबाईला मी एकदा खासगीत विचारलं, की वैशाखात तुमच्या कळपातलं पिल्लू हरवलं होतं का. ती म्हणाली, आमची पिल्लं आम्ही मोजतो, आमचं एकही गेलेलं नाही. मग दिवाणाला हनुवटीला धरून तिनं त्याचे दात पाहिले, कान पाहिले, आणि उठून गेली. मीही पुढं विचारलं नाही. काही प्रश्न विचारले की उत्तर सांभाळत बसावं लागतं.

*

फोनमधला तो लांडगा मी पुन्हा पाहिला. सायलीला म्हटलं, थांबव तिथं. ती थांबवते, मी चष्मा पुसते. माळ तोच, पण आता निम्मा नांगरलेला, सोयाबीनखाली गेलेला. टेकाडावर मोबाइलचा टॉवर. आणि त्या सगळ्यातून ते जनावर पलीकडं पाहत चाललंय. मी विचारलं, "हा लांडगा कशावरून?" सायली म्हणाली, "आजी, खाली लिहिलंय ना."

तेव्हा खाली लिहिलेलं नसायचं.

पाटलांचं कुत्रं खळ्यावरून गेलं, हिराबाईची दोन कोकरं गेली, आणि गावानं हाका करायचा ठरवला. म्हणजे सगळ्यांनी डबे बडवत माळाच्या एका बाजूनं चालायचं, जनावर उठवायचं, आणि दुसऱ्या बाजूला बंदूकवाल्यानं बसायचं. बंदूकवाले आमचे भिकाजी तात्या, मामंजींचे चुलतभाऊ. त्यांची ठासणीची भरमार बंदूक दसऱ्याच्या पूजेला निघायची, तेवढीच. आदल्या दिवशी एका सालगड्यानं दिवाणाला बांधावर पाहिलं आणि धोंडा मारला. लांडगा वाटला, म्हणाला. दिवाण लंगडत घरी आला. मी त्याच्या पायाला हळद लावली. इतके दिवस मी त्याला लांडग्यापासून लपवत होते. उद्या सगळं गाव डबे आणि बंदूक घेऊन निघणार होतं, आणि त्यांना काय दिसणार होतं? लोंबती शेपटी आणि वाळल्या गवताचा रंग.

तेव्हा त्या पोरीला अक्कल सुचली. तिनं पेटीतून पोळ्याची झूल काढली. बैलाच्या पाठीवर घालायची, लाल मखमली, आरसे लावलेली, कडेला गोंडे. ती दुमडून दिवाणाच्या पाठीवर घातली आणि पोटाखालून परकराच्या नाडीनं बांधली. दिवाण आधी जागचा हलेना. मग नवरदेवासारखा चालायला लागला. अंगणात ऊन होतं, आरशांचे कवडसे भिंतीवर नाचत होते, आणि आत्याबाई सूप हातात धरून बघत राहिल्या.

"बैलाची झूल कुत्र्याले? पोळ्याले मग आता याच्या पाया पडू काय?"

मी म्हटलं, आता याला कोणी लांडगा म्हणणार नाही. लांडगा आरसे लावून फिरत नाही. आत्याबाई सूप घेऊन आत गेल्या.

हाक्याच्या दिवशी बायकांनी घरात राहायचं, कुत्री कोंडायची, असं सांगणं होतं. मी दिवाणाला झुलीसकट गोठ्यात कोंडलं. दुपारी डब्यांचा आवाज माळावर चढला, तशी मी पाणी ठेवायला गेले, तर तुराट्यांच्या ताटीखाली खड्डा उकरलेला आणि गोठ्यात नुसती गाय, रवंथ करत. मी तशीच पळाले. पदर कुठं, चपला कुठं. गावातून, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोरून, ज्यांच्यासमोर माझा आवाज कधी उंबऱ्याबाहेर आला नव्हता. पाटलीणबाई नंतर म्हणायच्या, की माळावर खरा लांडगा ती सूनच वाटली.

तात्या बाभळीआड बसले होते, मामंजी शेजारी. समोर टेकाडावर दोन जनावरं उभी होती. एक नुसतं, आणि एक चमचमणारं. उन्हात लांबून कुणी आरसा दाखवत बसावं तसं. दोघं भांडत नव्हती. गुरगुरत नव्हती. अगदी लागून उभी, एकमेकांचा वास घेत. तात्यांची बंदूक खांद्याला लागलेली.

"मारू नका," मी ओरडले. "आरशावाला माहा हाय."

तात्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, छर्रे भरलेत. एकाले मारलं त् दुसऱ्याले लागतीलच. आन् तो लांडग्यापाशी काऊन उभा हाय, हे आधी सांग.

ते मला कुठं ठाऊक होतं? तेव्हा मामंजी माझ्याकडं वळले. मध्ये कुत्रं नाही, आत्याबाई नाहीत, माझ्या तोंडाकडं पाहून त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं.

"पोरी, तुले पक्कं ठाऊक हाय?"

"हाव," मी म्हटलं.

मला काहीच पक्कं ठाऊक नव्हतं. तो दिवाण आहे एवढं कळत होतं, पण दिवाण काय आहे, हे कुठं कळत होतं? मामंजींनी हात लांबवला आणि बंदुकीची नळी खाली दाबली. डबे जवळ आले. टेकाडावरची दोन्ही जनावरं पळाली, एकापाठोपाठ एक, आणि चमचम खाली उतरत दिसेनाशी झाली.

मागं उरला तो वाद. मामंजी म्हणाले, दिवाणानं लांडग्याला पिटाळलं. तात्या म्हणाले, लांडग्यानं त्याला सोबत नेलं. हिराबाईचा नवरा म्हणाला, दूर नेऊन खातात, असंच असतं. पुढं कोण होतं आणि मागं कोण, यावर गावात दोन मतं पडली आणि मी दोन्ही ऐकून घरी आले. पाटलीणबाई आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं विचारायच्या, की लांडग्याचा जावई आला का माहेरी.

*

नंतरचे दिवस मला मूग गिळल्यासारखे आठवतात. मामंजी जेवायला बसले की ओट्याकडं पाहायचे आणि न बोलता उठायचे. वरणात मीठ होतं का नव्हतं, कुणालाच कळलं नाही. मग हिराबाई झूल घेऊन आली. बोरीच्या झुडपावर अडकली होती म्हणे. मी उलटसुलट करून पाहिली. रक्ताचा डाग नाही. कापड फाटलेलं नाही. नाडी तुटली नव्हती, सुटली होती. मी म्हटलं, ही कुणी सोडली? आत्याबाई म्हणाल्या, तुह्या गाठी अशाच असतात, परवा बादली सोडली विहिरीत. त्या रडत होत्या, हे मला त्यांनी नाक पुसल्यावर कळलं.

खळ्यावर उफणणी चालू होती, तेव्हाची सकाळ. वारा बरा होता. मामंजी तिवईवर उभे, पाटीतली ज्वारी वाऱ्यावर धरत होते, आत्याबाई आणि मी भूस बाजूला लोटत होतो. मी मान वर केली तर खळ्याच्या कडेला तो उभा. लोंबती शेपटी. वाळल्या गवताचा रंग. माझ्या पलीकडं पाहणारा.

मी ढेकूळ उचललं. "लांडगा," असं किंचाळून मी ते फेकलं, आणि देऊळगावचा नेम तो, मामंजींच्या पाण्याच्या घागरीला लागला. घागर फुटली. लांडगा चार पावलं पुढं आला, सांडलेलं पाणी चाटलं आणि मामंजींच्या तिवईशेजारी बसला, कारभार पाहायला बसतात तसा.

वाऱ्यावर भूस उडत होतं. मामंजी खाली उतरले. सवयीनं आधी दिवाणाकडं पाहून तोंड उघडलं, मग थांबले, माझ्याकडं वळले.

"आता मधात कुत्रं कायले? तुलेच सांगतो. आरसे निघाले त् तुलेबी लांडगाच दिसला."

आणि ते हसायला लागले. आत्याबाईंनी लगेच परीक्षा घेतली. शिदोरीतली भाकर मोडून तिला हिरव्या मिरचीचा ठेचा लावला आणि टाकली. त्यानं हुंगली, शिंकला, पुन्हा शिंकला, आणि खाल्ली. "ठेचा खाते म्हंजे आपलाच," त्या म्हणाल्या, आणि घरापुरता निकाल लागला.

*

तो पुष्कळ वर्षं जगला. आमचा थोरला त्याचा कान धरून उभा राहायला शिकला. म्हातारपणी त्याला दिसेना, तेव्हा मामंजी त्याला हाताला धरल्यासारखे ओट्यावर आणून बसवायचे. पण त्या हिवाळ्यानंतर तो दिवेलागणीला माळाकडं तोंड करून बसायचा आणि झूल पेटीतून निघाली की उठून जायचा. कधीकधी भाकरी वाढताना मी त्याच्याकडं निरखून पाहायचे. गेलेला आला की आलेला वेगळाच आला? ठेचा काय, कुणीही शिकेल खायला. मीही सासरीच शिकले होते.

माळावर लांडगा मग कमी कमी होत गेला, आणि लोक म्हणायला लागले की आपल्याकडं लांडगे नव्हतेच कधी. आता आहेत म्हणे. मला का कोण जाणे, ती चित्रफीत पाहून बरं वाटलं. चेरीला जवळ घेऊन बसलेल्या सायलीला हे कसं सांगू?

म्हणून तिला कामाचं तेवढं सांगितलं. दिवे लागायच्या आत तिला घरात घे. बाहेर साखळीनं बांधून ठेवू नको. उष्टं दारात फेकू नको. माळाकडं फिरायला नेलीस तर दोरी तुझ्या हातात पाहिजे. सायलीनं मान डोलावली. इतकं सगळं मला येत होतं, हे पाहून मीच चकित झाले.

मग काल मी चेरीचा गुलाबी स्वेटर मागून घेतला आणि जुन्या झुलीचे उरलेले आरसे त्याला शिवत बसले. सायली सुई ओवून देत होती. शेवटी तिनं विचारलं, "आजी, लांडगे आरशांना घाबरतात का?"

"लांडग्यासाठी नाहीत पोरी, माह्यासाठी हायेत," मी दोरा तोडत म्हटलं. "माहा मोतीबिंदू अजून काढाचा हाय, आन् वावरात ढेकळं लय हायेत."